मागचं पुसट दिसलं पाहिजे

चारकोपच्या नाक्यावर नवतरुण मित्र मंडळाचा एक फलक आहे. काळा, लाकडी चौकटीचा, वर पत्र्याचं टीचभर छप्पर. हल्ली तो फारसं कुणी वाचत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. कोण वारलं, कुणाची पोरगी पास झाली, पाणी कधी येणार नाही, हे सगळं लोकांना चहाला उकळी फुटायच्या आत फोनवर कळतं. तरी रोज सकाळी दशरथ घाडी कापडी पिशवी घेऊन तिथे येतो, कालचं पुसतो आणि आजचं लिहितो. पोरं त्याला बोर्डवाले काका म्हणतात, आणि त्यातल्या निम्म्यांना त्याचं नाव ठाऊक नाही.

दशरथ मूळचा देवगडकडचा. बाप परळच्या गिरणीत होता. गिरणी गेली, खोली विकली आणि बिऱ्हाड कांदिवलीला, चारकोपच्या या सेक्टरात आलं. दशरथनं एका औषधांच्या कारखान्यात जन्मभर खोक्यांवर शिक्के मारले आणि एक दिवस शाल-श्रीफळ घेऊन घरी आला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, असं तो स्वतःच म्हणतो. सांगण्यासारखा होता तो फलक. संक्रांतीला तो तिळगुळाची वाटी अशी काढायचा की माश्या बसाव्यात. आंबा आला की हापूसची पेटी, पोरं क्रिकेट जिंकली की बॅट, कुणी गेलं की समई. शाळेत चित्रकलेच्या तासाला मास्तरांचा मार खाल्ला, तेवढंच त्याचं शिक्षण.

फलकाचे कायदे मात्र त्याचे स्वतःचे होते, आणि ते मोडायला तो ब्रह्मदेवालाही परवानगी देत नसे. एरवी पुसायचं ते कोरड्या फडक्यानं. कोरड्यानं पुसलं की कालच्या रेषा पुसटशा मागे राहतात आणि त्यांच्या अंदाजानं आजच्या ओळी सरळ येतात, पट्टी लागत नाही. पण मयताची बातमी पुसायची असेल तर ओलं फडकं. नळावर भिजवायचं, पिळायचं आणि चारी कोपरे स्वच्छ करायचे. गेलेल्या माणसाचं नाव दुसऱ्या दिवशी कुणाच्या लग्नाच्या शुभेच्छांखालून डोकावता कामा नये. आणि माणूस कितीही मोठा असो, फलकावर एकच दिवस. मंडळाचे अध्यक्ष भाऊराव यांचे वडील वारले तेव्हा भाऊराव हात जोडून म्हणाले होते, “दहाव्यापर्यंत राहू दे रे, दशरथ.” दशरथनं त्यांच्यादेखत फडकं भिजवलं. भाऊराव वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत.

आणखी एक कायदा होता. आपल्या घरचं फलकावर नाही. मुलगा राजेश पदवीधर झाला तेव्हा सगळा सेक्टर पेढे खाऊन गेला, पण फलकावर त्या दिवशी नालेसफाईची सूचना होती.

वनमालेला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे कधी पटलं नाही. ती बाजारपेठेत पोळीभाजी केंद्र चालवायची आणि तिची जीभ तिच्या मिरचीच्या ठेच्याइतकीच झणझणीत होती.

“सगळ्या गावाचा काढलात,” ती म्हणायची. “माझा येक चित्र काढूक तुमचो हात मोडता काय?”

“घरचं फलकावर नाही गो.”

“म्हंजे मी मेल्यार माझा नाव येतला. बरा आसा.”

असं म्हणून ती हसायची आणि उजवा हात मागे नेऊन अंबाड्यातली अबोली सारखी करायची. आरसा नाही, बघणं नाही. हात मांडीवरून उठायचा, खांद्यावरून मागे जायचा, दोन बोटं नेमकी जागा शोधायची, फूल खोचायची आणि तळहात वरून हलकेच दाबायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो हात मागे जाताना दिसला की दशरथ बोलता बोलता थांबायचा. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे पुरुषाला असलं काही सांगता येत असतं तर आणखी काय हवं होतं!

मग वनमालेला दम लागू लागला. आधी जिना चढताना, मग पोळ्या लाटताना, मग नुसतं बोलताना. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि फुप्फुसं कडक होत चालली आहेत असं सांगितलं. औषध काय, तर आहे ते टिकवायचं. पोळीभाजी केंद्र बंद झालं. घरात खिडकीखाली तिची खाट आली आणि खाटेशेजारी प्राणवायूचं यंत्र आलं. ते दिवसभर घरघरत असायचं, म्हणून टीव्ही मोठ्यानं लावावा लागे.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मंडळानं हॉलमध्ये फुकट वर्ग ठेवला. टॅबवर चित्रं काढायला शिका आणि ती हलवायलाही शिका, असं त्याचं स्वरूप. वर्ग पोरांसाठी होता. दशरथ सतरंज्या घालायला म्हणून गेला आणि मागच्या रांगेत बसून राहिला. शिकवायला संघमित्रा होती. ती दोन इमारती पलीकडे राहायची आणि अंधेरीला एका कार्टूनच्या स्टुडिओत नोकरी करायची. मोठे चित्रकार हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र काढत, मधली सगळी चित्रं संघमित्रा काढायची. तिनं पडद्यावर एक मुलगी काढली आणि प्लसचं बटण दाबलं. कोरं पान आलं. त्यावर तिनं तीच मुलगी काढली, हात जरा वर. पुन्हा प्लस, पुन्हा कोरं पान. अशी काही पानं झाल्यावर तिनं प्लेचं बटण दाबलं आणि मुलगी हात हलवून सगळ्यांना टाटा करू लागली. पोरं ओरडली. दशरथ मागच्या रांगेतून अर्धवट उठला.

“एका पानाला फ्रेम म्हणायचं,” संघमित्रा सांगत होती. “प्रत्येक चित्राला नवी फ्रेम. आणि मागचं पुसट दिसलं पाहिजे हां, म्हणजे पुढचं कुठे काढायचं ते कळतं. याला ओनियन स्किन म्हणतात. कांद्याची साल.”

दशरथनं मान डोलावली. मागचं पुसट दिसलं पाहिजे, हे त्याला जन्मभर येत होतं.

वर्ग सुटल्यावर तो तिच्यापाशी गेला. “हे राहतं?”

“म्हणजे काय, काका?”

“म्हणजे उद्या असतं?”

संघमित्रा हसली. “सेव्ह केलं की कायमचं राहतं. तुमची नातवंडं बघतील.”

दशरथनं आयुष्यात हजारो चित्रं काढली होती आणि त्यातलं एकही दुसऱ्या दिवशीचा सूर्य डोक्यावर येईपर्यंत टिकलं नव्हतं. त्याचं त्याला वाईट वाटायचं नाही, निदान तो तसं म्हणायचा. पण त्याच संध्याकाळी त्यानं एक बघितलं. वनमालेनं खिडकीतल्या कुंडीतली अबोली खुडली आणि हात केसांकडे नेला. तो खांद्याशी थांबला. खाली आला, मांडीवर टेकला, विसावला आणि पुन्हा निघाला. हा हात थांबणार, आज ना उद्या थांबणार, आणि तो थांबायच्या आत आपल्याला तो धरून ठेवायचा आहे, एवढंच त्याला कळलं. त्यानंतर दुसरं काही त्याला नको होतं.

राजेश विरारला राहायला गेला होता. लॉकडाऊनमध्ये मुलांच्या शाळेसाठी घेतलेला, कोपऱ्यात तडा गेलेला टॅब त्यानं आणून दिला आणि संघमित्रानं त्यात चित्रांचं ॲप घालून दिलं. दशरथनं पहिलं चित्र काढलं. खिडकी, खाट, वनमाला, मांडीवर हात, हातात फूल. मग शिकल्याप्रमाणे प्लस दाबलं. पान पांढरंफटक झालं. वनमाला गायब.

घाबरून त्यानं संघमित्राला फोन लावला. ती तेव्हा स्टुडिओच्या जिन्यात उभी होती. मधली चित्रं आता कॉम्प्युटर स्वतःच काढू लागला होता आणि तिच्या रांगेतली दोन टेबलं त्या सकाळीच रिकामी झाली होती. तिचं अर्धं लक्ष तिकडे होतं.

“काका, टेन्शन घेऊ नका. गेलं नाही ते. मागच्या फ्रेममध्ये आहे. ओनियन स्किन चालू करा ना, कांद्याचं चिन्ह दिसतंय?”

“कांदा दिसत नाय. उलटा बाण दिसतोय.”

“तो दाबलात तर परत येईल, पण…”

दशरथनं तोवर दाबला होता. वनमाला परत आली, खिडकीसकट. त्याचा जीव भांड्यात पडला आणि ‘पण’च्या पुढचं त्यानं ऐकलंच नाही. त्या प्लसला पुन्हा बोट लावायचं नाही, हे त्यानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपली पद्धत लावली. ॲपमध्ये खोडरबर होता आणि तो किती जोरात चालावा हे कमी-जास्त करता येत होतं. त्यानं तो अगदी हलका केला, कालचा हात पुसट होईस्तोवर पुसला, आणि त्या पुसट हाताच्या बोटभर वर नवा हात काढला. मग सेव्ह. फलकावर करायचा तसंच, अगदी हुबेहूब. कालचं चित्र त्या टॅबच्या पोटात गेलं असणार, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. सेव्ह केलं की कायमचं राहतं, असं तिनंच सांगितलं होतं.

संघमित्रा गुणाची पोर. दोन दिवसांनी तिनं आठवणीनं फोन केला. “काका, जमलं का? मागचं पुसट दिसतंय ना?”

“दिसतंय की.”

“मग झकास! चालू द्या.”

दोघंही खरं बोलत होती, आणि खरं बोलूनही माणसाची वाट लागते ती अशी.

मग रोजचा नेम सुरू झाला. सकाळी फलक, आणि घरी येऊन ऊन खाटेवर आलं की वनमाला. ती केस विंचरून, तुळशीच्या बीएवढं कुंकू लावून तयार बसायची. आजारपणात पहिल्यांदाच तिला रोज काहीतरी काम होतं.

“आज हात खंय ठेवू?”

“कालच्यापेक्षा बोटभर वर.”

“दाखवा तरी माका.”

“पुरं झाल्याशिवाय नाही.”

गणपतीत तो फलकावर आदल्या दिवसापासून चादर टाकून ठेवायचा आणि आरतीच्या वेळी ओढायचा, तसंच हे. वनमाला रुसायची, पण हात धरून ठेवायची. स्वतः त्यानंही प्लेचं बटण कधी दाबलं नाही. एकदा चुकून काही दाबलं आणि ती पुन्हा पांढरी झाली तर?

हात पोटाशी आला, छातीशी आला. दोघं बोलत बसायची, लग्नापासून बोलली नव्हती इतकी. तिनं त्याला विचारलं की हाच हात का, तोंड का नाही, आणि त्यानं सांगून टाकलं. तिनं हातातलं फूल बोटांत फिरवलं. मग म्हणाली, “आधी सांगलात आसतात तर दिवसातून धा येळा माळलंय आसतंय.”

खांद्याच्या वर हात जाईना. दशरथनं कोपराखाली उशी ठेवली, मग दोन उशा. कानाच्या पातळीला आल्यावर तिला मध्ये थांबून श्वास गोळा करावा लागे आणि यंत्राचा आकडा वाढवावा लागे. “हात माझो नाय असा वाटता,” ती एकदा म्हणाली. दशरथ म्हणाला, राहू दे, नको. तर तिनं डोळे वटारले. शेवटच्या दिवशी हात केसांपाशी पोचला. दोन बोटांनी फूल खोचलं आणि तळहात वरून दाबला. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि ओठ निळसर पडले होते. हात खाली आला तो सरळ गादीवर पडला.

“झाला मां?” ती म्हणाली. “आता हलवा माका.”

रविवारी सकाळी संघमित्रा आली. त्या सगळ्याचा व्हिडिओ करून ती तो वनमालाकाकूंच्या फोनवर घालून देणार होती. दशरथनं तिच्यासाठी पोहे केले होते, जरा चिकट झाले होते, पण तिनं खाल्ले. मग तिनं टॅब मांडीवर घेतला आणि चित्र उघडलं.

“काका, काय सुंदर काढलंय हो,” ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. मग तिनं खाली पाहिलं, जिथे फ्रेमचे चौकोन एकापुढे एक दिसायला हवेत. चौकोन एकच होता. तिनं प्ले दाबलं. वनमाला केसांना हात लावून तशीच बसून राहिली.

“बाकीच्या फ्रेम कुठे ठेवल्यात?”

“आत आहेत.”

“आत कुठे?”

“त्यातच. रोज काढलं, रोज सेव्ह केलं.”

संघमित्रानं उलटा बाण दाबून पाहिला. तो चालेना. त्या ॲपला उलटी वाट फक्त बंद करेपर्यंतच आठवते, कालचं आठवत नाही. तिनं कचऱ्याची टोपली पाहिली, जुन्या प्रती पाहिल्या, टॅबच्या कानाकोपऱ्यात हुडकलं. मग तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मांडीपासून केसांपर्यंत करड्या रंगाची धूळ पसरली होती, आणि नीट बघितलं की त्या धुळीत बोटं दिसत होती. एकावर एक पुसलेले, न मोजता येणारे हात.

तिच्या लक्षात आलं. “काका, तुम्ही प्लस दाबून नवी फ्रेम घेत होतात ना?”

“प्लसनं पान कोरं होतं. मी मागचं पुसट करत होतो. तू म्हणालीस ना.”

तिनं समजावलं. हळू आवाजात, होता होईल तेवढं सावरून समजावलं. पान कोरं झालं होतं ते बरोबरच होतं, तीच नवी फ्रेम होती. मागचं चित्र त्या फ्रेममध्ये पुसट दिसतं ते कांद्याच्या चिन्हानं. ते आपण पुसायचं नसतं, मुळात हातच लावायचा नसतो. दशरथ ऐकत होता. त्याला सगळं कळलं, आणि कळायला वेळही लागला नाही.

“म्हणजे पान कोरं झालं तेव्हा ती गेली नव्हती,” तो म्हणाला.

“नव्हती, काका.”

“मी परत आणली, आणि मग रोज पुसली.”

संघमित्राच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझीच चूक, मी फोनवर नीट विचारायला हवं होतं, असं काहीबाही ती बोलू लागली. तुझी कसली चूक, असं दशरथनं म्हणायला हवं होतं. त्याऐवजी त्यानं तिची पोह्यांची रिकामी बशी उचलून बाजूला ठेवली.

“झाला काय गो?” खाटेवरून वनमाला म्हणाली. “काय कुजबुजतास? दाखवा माका.”

टॅब तिच्या हातात द्यावाच लागला. तिनं चष्मा मागितला. मग ती बघत राहिली, आणि तिचा चेहरा फुलला. इतक्या वर्षांत नवऱ्यानं तिचं काढलेलं पहिलं चित्र ती बघत होती.

“बरा काढलात हो. नाक मात्र मोठा झाला.” ती वाट बघत थांबली. मग म्हणाली, “हलना नाय?”

यंत्र घरघरत होतं. वनमालेनं आधी दशरथच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या रडणाऱ्या पोरीकडे पाहिलं, आणि काय झालं असेल ते तिनं ताडलं. इतकी वर्षं गिऱ्हाइकांची तोंडं वाचलेली बाई ती.

“हलतला खंयसून,” ती म्हणाली. “मी तरी खंय हलतंय आता?” आणि ती हसली. हसता हसता खोकल्याची उबळ आली, ती लवकर थांबेना, आणि दोघांनी मिळून तिला उठवून बसवलं.

संघमित्रा हार मानणारी नव्हती. तिनं तिथेच बसून नवं पान उघडलं, कांद्याचं चिन्ह चालू केलं, दशरथचं बोट धरून प्लसवर ठेवलं आणि पुन्हा पुन्हा दाबायला लावलं, पान कोरं झाल्यावर बोट उलट्या बाणाकडे जायचं थांबेपर्यंत. या खेपेला तो चुकला नाही. एक चित्र, प्लस, कोरं पान, खाली कालची वनमाला पुसट. सगळं जिथल्या तिथे. फक्त आता हात उठत नव्हता. मांडीवर ठेवलेला हात मांडीवर असायचा, आणि फूल त्याच्या शेजारी चादरीवर.

“मनानं काढा ना, काका,” संघमित्रा म्हणाली. “तुम्हाला तर तो हात पाठ आहे.”

त्यानं मनानं काढून पाहिला. वर गेलेला हात कागदी निघाला, कॅलेंडरवरल्या बाईचा असतो तसा. वनमालेच्या मनगटापाशी पोळ्या भाजताना पडलेला एक डाग होता, आणि हात वळला की तो कुठे जातो हे त्याला आठवेना. महिनाभर त्यानं तो रोज डोळ्यांसमोर बघितला होता, आणि आता तो आठवेना. त्यानं ती फ्रेम काढून टाकली. मग जे दिसतं तेच काढत गेला. मांडीवर हात. मांडीवर हात. मांडीवर हात.

पुढे कधीतरी संघमित्रानं ते चालवून पाहिलं. तिचीही नोकरी एव्हाना गेली होती आणि ती दुपारी घरीच असायची. चित्रातलं काहीच हलत नव्हतं. पण रोज नव्यानं काढलेल्या रेषा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत, म्हणून सगळं चित्र जागच्या जागी जरासं थरथरत होतं.

“बघा काका,” ती म्हणाली, “जिवंत वाटतंय.”

दशरथनं बघितलं. “ती माझ्या हाताची थरथर आहे,” तो म्हणाला. तो टॅब त्यानंतर कपाटात गेला आणि पुन्हा कधी चार्ज केला गेला नाही.

वनमाला एका सकाळी गेली. झोपेत नाही, सुखानंही नाही, श्वासासाठी झगडून गेली. राजेश विरारहून येईपर्यंत शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. दशरथनं पिशवी उचलली आणि तो नाक्यावर आला. सौ. वनमाला दशरथ घाडी, दुःखद निधन, अंत्ययात्रा दुपारी राहत्या घरातून निघेल. ती म्हणायची तसं तिचं नाव फलकावर आलं. कोपऱ्यात अबोली काढावी असं त्याच्या मनात येऊन गेलं, पण बाकीच्यांना त्यानं अबोली काढली नव्हती. त्यानं समई काढली.

दुसऱ्या दिवशी मंडळात खुसफुस चालली होती. प्रियंका कदमची पोलीस भरतीत निवड झाली होती. सेक्टरमधून भरती झालेली ती पहिली मुलगी, त्यामुळे बातमी लिहायलाच हवी होती. पण दशरथ सुतकात. भाऊराव आता काठी टेकत चालायचे. ते स्वतः त्याच्या घरी आले. “दशरथ, राहू दे दहाव्यापर्यंत,” ते म्हणाले. “प्रियंकाचं नंतर लिहू. आणि पुसायचंच असेल तर आमची पोरं पुसतील. तू घरी बस.”

“पोरं कोरड्यानं पुसतील,” दशरथ म्हणाला आणि चपला घालून निघाला.

फलकासमोर त्यानं पिशवी उघडली. दोन फडकी होती. हात आधी कोरड्याला लागला, आणि तो तसाच थांबला. कोरडं एकदाच फिरवलं तर ती राहिली असती. प्रियंकाच्या नावाखाली, पुसट, जवळ येऊन बघणाऱ्यालाच दिसेल एवढीच. उद्या त्याहून पुसट, परवा त्याहून. कुणाला कळलंही नसतं. भाऊरावांना कळलं असतं, पण ते काही बोलले नसते.

पलीकडे प्रियंकाची आई पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होती. अशा वेळी पुढे यावं की नाही, हे तिला कळत नव्हतं.

दशरथ नळावर गेला. त्यानं दुसरं फडकं भिजवलं, पिळलं, आणि चारी कोपऱ्यांतून फलक स्वच्छ पुसला. समई गेली, सौ. गेलं, वनमाला गेली. फळा काळाभोर, ओला झाला. ओल्या फळ्यावर खडू उमटत नाही. तो वाळेपर्यंत दशरथ हातात पिवळा खडू धरून तिथेच उभा राहिला.